मुंबईचें पाणी व साष्टीचें रान

गेल्या श्रावणांत आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही कान्हेरीचीं लेणीं पाहावयास गेलों होतों. इतिहासाच्या अध्यापकानें वर्षांतून एकदां तरी वर्गाच्या चार भिंती सोडून जुन्या दगडांपुढें उभें राहावें, असा आमचा परिपाठ आहे. पाऊस नुकताच उघडला होता. कातळांत कोरलेल्या पन्हळींतून पाणी झुळझुळत होतें आणि लेण्यांच्या दाराशेजारचीं टाकीं काठोकाठ भरलीं होतीं. डोंगराच्या माथ्यावर उभें राहिलें म्हणजे एका अंगास ऐन, साग, कुंभा यांचें दाट हिरवें रान दिसतें, आणि दुसऱ्या अंगास बोरिवली-कांदिवलीच्या उंच इमारती त्या रानाला अगदीं भिडून उभ्या असलेल्या दिसतात. तें दृश्य पाहून एका विद्यार्थ्यानें आम्हांस सहज विचारलें, "सर, एवढ्या मोठ्या शहराच्या पोटांत हें रान उरलें तरी कसें? कोणी राखलें तें?"

"सरकारनें," असें उत्तर आम्हीं देऊन टाकलें आणि पुढच्या लेण्याकडे वळलों. परंतु घरीं परततांना आगगाडीच्या गर्दींत उभ्या उभ्या विचार करूं लागलों, तों आमचें उत्तर आमचें आम्हांसच पटेना. साष्टी बेटावर पोर्तुगीजांनीं राज्य केलें, १७३७ सालीं मराठ्यांनीं तें घेतलें, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं हस्तगत केलें, आणि पुढें स्वराज्य आलें. यांपैकीं प्रत्येक अमलांत बेटावरचीं झाडें तुटलीं. इंग्रजी अमलांत व त्यानंतर तर टेकड्या फोडून खाड्या बुजविण्यांत आल्या. भातखाचरें, मिठागरें, ताडाच्या बागा, सर्व कांहीं शहरानें गिळलें. मग मधलें हें १०० चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक रान तेवढें त्याच्या घशाखालीं कसें उतरलें नाहीं? सरकारच्या मनांत वृक्षप्रेम होतें म्हणून, असें म्हणावें तर तें प्रेम भोंवतालच्या टेकड्यांच्या वाट्यास कां आलें नाहीं?

या प्रश्नाचें खरें उत्तर या रानाच्या मध्यभागीं असलेल्या दोन तळ्यांत आहे. एकाचें नांव विहार व दुसऱ्याचें तुळशी. मुंबईकराच्या तहानेनें हें रान राखलें. रानाच्या प्रेमानें नव्हे. ही गोष्ट ऐकावयास थोडी कडू आहे. परंतु ती विसरल्यामुळें पुढें काय होऊं शकतें, हें पाहिलें म्हणजे तिचा इतिहास सांगण्याचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येईल.

या डोंगराशीं पाण्याचें नातें इंग्रजांनींच जोडलें असें मात्र नाहीं. तें सुमारें दोन हजार वर्षांचें आहे. कान्हेरी हें नांव ‘कृष्णगिरि’ या शब्दापासून आलें आहे. काळ्या पाषाणाचा डोंगर म्हणून कृष्णगिरि. येथें शंभरांहून अधिक लेणीं असून इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेलें त्यांचें खोदकाम पुढें कित्येक शतकें चालू होतें. भिंतींवरचे ब्राह्मी लिपींतील लेख वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट मनांत भरते. कल्याण, सोपारें, चेऊल अशा बंदरांतल्या व पेठांतल्या दात्यांनीं संघास लेणीं दिलीं, तशींच पाण्याचीं टाकींही दिलीं, आणि त्या टाक्यांची नोंद तितक्याच अगत्यानें दगडावर करून ठेविली. त्या लेखांत टाक्याला शब्द आहे ‘पोढी’. कोणी व्यापारी, कोणी सोनार. त्यानें एक पोढी खोदविली, आणि तिच्यामुळें त्याचें नांव आजपर्यंत राहिलें.

कोंकणच्या पाण्याचा सगळा प्रश्न त्या एका पोढींत सांठविलेला आहे असें आम्हांस वाटतें. येथें आकाश कृपण नाहीं. वर्षास शेंकडों मिलिमीटर नव्हे, तर दोन हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने एक थेंब पडत नाहीं. कातळावर पडलेलें पाणी घटकाभरांत समुद्रास मिळतें. म्हणून चार महिन्यांत आठ महिन्यांची तरतूद जो करील तोच येथें राहूं शकेल. भिक्षूंनीं हें ओळखलें. त्यांनीं माथ्यावरच्या कातळांत पन्हळी कोरल्या, पाणी वळवून प्रत्येक विहाराच्या दाराशीं आणलें, आणि उन्हाळ्याची चिंता मिटविली. पुढें अठराशें वर्षांनीं त्याच डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यांत इंग्रज इंजिनियरानें जें केलें तें याहून मूलतः निराळें नव्हतें. मापें तेवढीं मोठीं होतीं.

आतां दक्षिणेकडे मुंबई बेटाकडे वळूं. चोहोंकडून खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या या बेटाला नदी नाहीं. जोंपर्यंत वस्ती थोडी होती तोंपर्यंत विहिरी व तळीं यांवर भागत होतें. तळीं बहुधा धर्मार्थ बांधलेलीं असत. कावसजी पटेल यांचें तळें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. धोबी तलाव म्हणून प्रसिद्ध असलेलें तळें फ्रामजी कावसजी बनाजी यांच्या औदार्यानें सुधारून बांधलें गेलें. मुंबादेवीचें तळें, गोवालिया तळें, वाळकेश्वरची बाणगंगा, अशीं कितीतरी सांगतां येतील. पाणी देणें हें पुण्य, अशी सर्व जातिधर्मांची भावना होती, आणि श्रीमंत मनुष्य पैका मिळाला कीं देऊळ, धर्मशाळा किंवा तळें बांधी. कान्हेरीच्या पोढ्या देणाऱ्या व्यापाऱ्यांचे हे वंशजच म्हणावयाचे.

पण पुण्याच्या गतीहून वस्तीची गती अधिक झाली. १८४९ सालच्या गणतींत मुंबईची लोकसंख्या साडेपांच लाखांवर भरली. चैत्र-वैशाखांत तळ्यांचा तळ दिसूं लागे. त्याच पाण्यांत कपडे धुवावे, गुरें पाजावीं आणि त्यांतलेंच हंडे भरून न्यावे, अशी स्थिति. पटकीची सांथ आली म्हणजे या पाण्याचे परिणाम दिसत. १८४५ सालीं पाण्याच्या हालांविषयीं लोकांनीं मोठी ओरड केली, तेव्हां सरकारनें चौकशीसाठीं समिति नेमली. त्यानंतर साष्टींतील मिठी नदीच्या उगमाचें खोरें अडवून तेथून पाणी आणावें अशी सूचना पुढें आली. परंतु सूचना कागदावर राहिली. तहान लागल्यावर विहीर खणावयाची, ही आपल्याकडची म्हण इंग्रज सरकारनेंही खरी करून दाखविली.

ती तहान १८५४ सालीं लागली. त्या वर्षीं पावसानें दगा दिला. शहरांत माणसांस पुरेसें पाणी राहावें म्हणून हजारों गुरें बाहेर हलविण्यांत आलीं. गलबतांतून पाणी आणलें, आणि अवघें एक वर्षापूर्वीं बोरीबंदर ते ठाणें अशी जी आगगाडी सुरू झाली होती तिच्यावरही पाणी वाहून आणण्याची पाळी आली. आता निर्णय लांबणीवर टाकणें शक्य नव्हतें. हेन्री कॉनिबेअर नांवाच्या इंजिनियरानें विहार खोऱ्याची पाहणी करून योजना सादर केली. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच गृहस्थाचा. १८५६ सालीं काम सुरू झालें आणि १८६० सालीं विहारचें पाणी मुंबईंत आलें. शहराला दुरून नळानें पाणी पुरविण्याची हिंदुस्थानांतली ही पहिली मोठी योजना.

तिची रचना सांगण्यासारखी आहे. मिठी नदी जेथें उगम पावते तेथें डोंगरांचा एक द्रोण आहे. त्या द्रोणाचीं मोकळीं तोंडें मातीचे तीन बांध घालून बंद केलीं. त्यांतील मुख्य बांध सुमारें ८४ फूट उंच. पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून सुमारें ८० मीटर. म्हणजे उपसण्याचा खर्च नाहीं, यंत्र नाहीं, कोळसा नाहीं. लोखंडी नळ टाकला कीं पाणी उतारानें आपण होऊन शहरांत यावयाचें. आरंभीं दिवसास सुमारें सत्तर लक्ष गॅलन पाणी येऊं लागलें. तें गाळण्याची व्यवस्था त्या वेळीं नव्हती, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण आमच्या विषयाचें मर्म येथेंच आहे. १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथाचे कर्ते गोविंद नारायण माडगांवकर यांनीं हा पालट प्रत्यक्ष पाहिला. तळ्याच्या पायऱ्यांवर घागर घेऊन उभें राहणारें शहर त्यांच्या डोळ्यांदेखत नळाशीं उभें राहूं लागलें.

पाण्याबरोबर वस्तीही वाढली. १८६४ च्या गणतींत आंकडा आठ लाखांवर गेला, आणि विहार पुरेना. तेव्हां विहारच्या उत्तरेस, अधिक उंचावर, तुळशीच्या खोऱ्याकडे लक्ष गेलें. तेथला ओढा वसईच्या खाडीकडे जात असे. प्रथम, १८७२ च्या सुमारास, त्याचें पाणी विहारकडे वळविण्यांत आलें व विहारचा बांधही उंच केला. मग १८७९ सालीं तुळशीचें स्वतंत्र धरण पुरें झालें. तुळशीची पातळी जवळजवळ १४० मीटर, म्हणून तिचें पाणी मलबार टेंकडीच्या माथ्यापर्यंत आपल्याच जोरानें चढूं शकलें. त्या टेंकडीवर पाण्याची मोठी टांकी बांधली आणि तिच्या छपरावर बाग केली. ज्या बागेंत मुंबईंतील मुलांच्या तीन-चार पिढ्या खेळल्या ती ही. तिच्या हिरवळीखालीं दूरच्या रानाचें पाणी सांठलेलें आहे याची जाणीव तेथें फिरणाऱ्यांपैकीं कितीकांस असते?

येथपर्यंत ही बांधकामाची कथा झाली. आतां रानाकडे येऊं. न गाळतां पाणी प्यावयाचें म्हटलें म्हणजे तें जेथून वाहून येतें ती जमीन स्वच्छ पाहिजे, हें उघड आहे. पाणलोटांत वस्ती नको, गोठा नको, खत घातलेलें शेत नको. आणखी एक गोष्ट नको. ती म्हणजे उघडी माती. ज्या डोंगरावरचीं झाडें तोडलीं त्यावर पहिल्याच वळवानें माती सुटते, ओढे तांबडे होतात आणि तीच माती तळ्यांत बसून त्याचें पोट भरून टाकते. उलट जेथें रान आहे तेथें पावसाचा मार आधीं पानांवर बसतो, मग पाचोळ्यावर. मुळांनीं भुसभुशीत केलेल्या जमिनींत पाणी मुरतें, कातळाच्या भेगांतून वाट काढतें, आणि पाऊस थांबल्यावरही पुष्कळ दिवस झऱ्यांच्या रूपानें निवांत बाहेर येत राहतें. कारवीची दाट जाळी उतारावर माती अशी धरून ठेवते कीं तिच्यापुढें दगडी ताल फिका पडावा. सारांश, त्या काळीं मुंबईस गाळणीची जी उणीव होती ती रानानें भरून काढली. बांध इंजिनियरानें घातला. गाळणी निसर्गानें दिली.

म्हणून विहार व तुळशी यांच्या पाणलोटाची जमीन ताब्यांत घेण्यांत आली आणि तिच्यांत मुक्तद्वार राहिलें नाहीं. ज्या काळांत ठाणें जिल्ह्यांतलीं झाडें सरपण आणि कोळसा होऊन मुंबईच्या चुलींत जात होतीं, त्याच काळांत येथें कुऱ्हाडीला मज्जाव होता. ही मनाई वाघाच्या प्रेमानें नव्हती कीं पक्ष्यांच्या. ती पाण्यासाठीं होती. पण तिच्या आश्रयानें बिबळ्या राहिला, सांबर राहिलें, सात-आठ वर्षांनीं एकदां जांभळी होऊन जाणारी कारवी राहिली.

या व्यवहाराची किंमत कोणी दिली, हेंही सांगितलें पाहिजे. विहार व तुळशी हीं मूळचीं गांवांचीं नांवें. बांधाची उंची व खर्चाचा आंकडा ग्रंथांतरीं लिहून ठेविलेला असतो. त्या खोऱ्यांत ज्यांचीं भातखाचरें होतीं त्यांचें मात्र तळ्यांचीं नांवें एवढेंच स्मारक राहिलें. शहराला पाणी मिळालें तें कोणाच्या तरी शिवारावरून वाहून आलें, ही गोष्ट विसरून रानाचा इतिहास लिहिणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. विहार-तुळशीही अपुरीं पडलीं. १८९२ सालीं तानसा नदीचें पाणी आलें. स्वराज्यांत, १९५७ सालीं, वैतरणेचें पाणी आलें; त्या तलावास ना. वि. मोडक या मराठी इंजिनियराचें नांव देण्यांत आलें हें उचितच झालें. मग १९७३ सालीं उर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. प्रत्येक खेपेस शहराचा हात अधिक दूर गेला, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोंचला. आज मुंबईस सात तलावांचें पाणी येतें. त्या सर्वांचा मिळून सांठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांत विहारचा वांटा २७,६९८ व तुळशीचा ८,०४६. दोन्ही मिळून शेंकडा अडीच! १८६० सालीं जें पाणी मुंबईचा प्राण होतें तें आज तिच्या ताटांतली कोशिंबीर होऊन बसलें आहे.

आणि आमच्या मनांत भीति उत्पन्न होते ती येथें. कारण या शहरानें पूर्वीं एकदां आपल्या जुन्या पाण्याचें काय केलें, हें इतिहासांत नमूद आहे. विहार, तुळशी, तानसा यांचें पाणी घरोघर पोंचल्यावर जुन्या तळ्यांची व विहिरींची गरज उरली नाहीं. ज्यांची गरज नाहीं त्यांची निगा कोण ठेवणार? त्यांत घाण सांठूं लागली, डांस झाले. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून डांसांचीं हीं उत्पत्तिस्थानें बंद करावीं असें सुचविलें, आणि तळीं एकामागून एक बुजलीं गेलीं. आज धोबी तलावावर तलाव नाहीं, गोवालिया टँकवर टँक नाहीं, सी. पी. टँक म्हणजे नुसता रहदारीचा चौक. नांवें उरलीं, पाणी गेलें. त्या वेळच्या अधिकाऱ्यांस दोष द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. हिंवतापानें माणसें मरत होतीं. पण आधीं गरज संपली, मग निगा संपली, मग तें उपद्रवी ठरलें आणि शेवटीं बुजविलें गेलें, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण माणसांपुरतीच आहे असें नाहीं. ती तळ्यांनाही लागू पडते.

त्या सपाट्यांतून जीं थोडीं वांचलीं तीं कोणतीं, हें पाहण्याजोगें आहे. वाळकेश्वरची बाणगंगा राहिली. चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची १७२५ सालची विहीर राहिली. एक हिंदूंचें तीर्थ म्हणून, दुसरी पारशांचें पवित्र स्थान म्हणून. ज्यांच्याकडे लोकांनीं केवळ उपयोगाच्या दृष्टीनें पाहिलें तीं गेलीं. ज्यांच्याविषयीं उपयोगापलीकडचा कांहीं भाव होता तीं टिकलीं.

रान केवळ उपयोगाचें होतें. तेव्हां उपयोग ओसरूं लागल्यावर त्याला दुसरा आधार शोधणें प्राप्त होतें, आणि सुदैवानें तसा तो कांहीं अंशीं मिळाला. १९५० सालीं मुंबई राज्यानें राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. प्रारंभीं लहानसें असलेलें कृष्णगिरीचें उद्यान भोंवतालचीं राखीव जंगलें जोडून वाढविण्यांत आलें. पुढें त्यास बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणूं लागले, आणि आतां त्याचें नांव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असें आहे. पाण्याचें रान अशा रीतीनें पशुपक्ष्यांचें रान झालें. पण कायद्याची भिंत कागदाची असते. रानाच्या कडेनें हजारों झोपड्या उठल्या. १९९५ सालीं पर्यावरणवादी मंडळींनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि १९९७ सालीं न्यायालयानें अतिक्रमणें हटविण्याचा व पात्र रहिवाशांची अन्यत्र सोय करण्याचा हुकूम दिला. रान बरेंचसें मोकळें झालें खरें. परंतु ज्यांचीं घरें मोडलीं ते हौसेनें रानांत राहावयास आले नव्हते. ज्या शहरास त्यांचे श्रम हवे होते त्यानें त्यांस जागा दिली नव्हती. रानाच्या बाजूनें बोलतांना त्यांच्याविषयीं तुच्छतेनें बोलणें आमच्यानें होणार नाहीं. तसेंच रानांतील पाड्यांचें. वारली, महादेव कोळी, काथोडी या लोकांचें तेथें वास्तव्य जुनें. वाघाला ते देव मानतात. ज्या रानाच्या पाण्यावर मलबार टेंकडीवरची बाग हिरवी राहिली, त्याच रानांतल्या कित्येक पाड्यांवरच्या बायकांस हंडा घेऊन पायपीट करावी लागली, हा विरोध कोणाही विचारी माणसास बोंचल्यावांचून राहणार नाहीं.

कोणी म्हणेल, "तळीं तर आहेतच, भोंवतीं रान राहिलें काय आणि इमारती झाल्या काय, पाणी आतां यंत्रानें शुद्ध करतां येतें." या आक्षेपाचें उत्तर देण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. विहारच्या खालच्या अंगास, अगदीं लागून म्हणावें इतकें जवळ, पवईचें तळें आहे. शहरास पाण्याची टंचाई भासूं लागली तेव्हां घाईघाईनें तें बांधलें. १८९१ सालीं पुरें झालें. डोंगर तोच, पाऊस तोच. परंतु थोड्याच वर्षांत त्याचें पाणी पिण्यास अयोग्य ठरलें. तें उथळ होतें, हें खरें. सगळा दोष वस्तीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण पुढें काय झालें पाहा. पवईभोंवतीं रान राखण्याचें कारण राहिलें नाहीं. कांठानें वसाहती, कारखाने, हॉटेलें उभीं राहिलीं. सांडपाणी तळ्यांत उतरूं लागलें. जलपर्णीनें त्याचा पृष्ठभाग झांकून टाकला. आज तें पाणी बागा व कारखाने यांच्या उपयोगाचें. पिण्याच्या कामीं येत नसल्यामुळें शहराच्या सात तलावांत त्याची गणनाही होत नाहीं. विहारचें पाणी मात्र दीडशें वर्षांहून अधिक काळ मुंबई पीत आहे. दोन तळ्यांमध्यें अंतर थोडक्या मैलांचें. भेद आहे तो रानाच्या सीमेचा. याहून स्पष्ट प्रयोग कोणत्या शास्त्रज्ञानें मांडावा?

शिवाय रानाचा उपयोग केवळ प्यावयाच्या पाण्यापुरता नाहीं. मिठी, दहिसर, पोयसर या मुंबईच्या नद्या याच डोंगरांतून निघतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीनें कुर्ला, कलिना येथील घरांत शिरून शहरास आपली ओळख करून दिली. तोंपर्यंत पुष्कळ मुंबईकर तिला नाला समजत होते. वर रान पाणी थोपवून धरीत होतें. खालीं आपण तिचें पात्र आवळून टाकलें होतें. वरचेंही छत्र काढून घेतलें असतें तर त्या दिवशीं काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

इतकें असूनही रानाच्या कडा कुरतडल्या जातच आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्यें लगतच्या आरे येथें मेट्रोच्या डेपोसाठीं दोन हजारांवर झाडें तोडलीं गेलीं. रातोरात झालेल्या त्या तोडीविरुद्ध शेंकडों तरुण मुलें रस्त्यावर आलीं. कित्येकांस अटक झाली. पुढें आरेच्या ८०० एकरांवर जमिनीस राखीव वनाचा दर्जा मिळाला, तरी डेपो तेथेंच झाला. २०२४ सालीं ठाणें-बोरिवली जोडबोगद्याचें भूमिपूजन झालें. तो याच डोंगराच्या पोटांतून जावयाचा आहे. शहरास रस्ते नकोत, गाड्या नकोत, असें आम्ही म्हणत नाहीं; आम्हीही त्याच गर्दींत उभे राहून प्रवास करतों. परंतु प्रत्येक वेळीं ‘एवढीशी जागा’ मागितली जाते, आणि अशा एवढ्याशा जागांची बेरीज कोणी करीत नाहीं. तळीं बुजलीं तींही एका दिवसांत बुजलीं नाहींत, एकेक बुजलें.

आमच्या लहानपणीं घरांत नळ आला कीं आजी पहिली घागर देवापुढें ठेवी आणि मग स्वयंपाकाचें पाणी भरी. तेव्हां आम्हांस तें भोळेपणाचें वाटे. आज वाटतें कीं पाणी कोठून तरी येतें, कोणाच्या तरी कृपेनें येतें, ही जाणीव त्या एका कृतींत होती. कान्हेरीच्या सोनाराला ती होती, म्हणून त्यानें पोढी दिली. तळें बांधणाऱ्या शेटजींना ती होती. नळाची तोटी फिरवितांना ती आपल्या मनांतून निघून गेली, कारण तोटीला उगम दिसत नाहीं. पाण्याची पट्टी भरली कीं ऋण फिटलें असा आपला समज झाला. पट्टीनें नळाची किंमत फिटते. रानाची फिटत नाहीं.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न अजून आमच्याकडे बाकी आहे. पुढल्या तासास आम्ही त्यास सांगणार आहों कीं आमचें त्या दिवशींचें उत्तर चुकलें. हें रान तहानलेल्या शहरानें आपल्या गरजेपोटीं राखलें, ज्यांचीं शेतें गेलीं त्यांनीं त्याची किंमत दिली, आणि पाड्यांवरच्या लोकांनीं त्यांत राहून तें सांभाळलें. आतां शहराची ती गरज शेंकडा अडीचवर आली आहे. यापुढें तें राखावयाचें तर उपयोगाच्या हिशेबापलीकडचें कांहीं कारण लागेल; बाणगंगेला लाभलें तसें. तें कारण आमच्या पिढीस पुरतेंपणीं सांपडलें नाहीं. टाक्याशीं वांकून, ओंजळींत पाणी घेऊन, क्षणभर त्याकडे पाहत उभा राहिलेला तो मुलगा आम्हांस आठवतो, आणि त्याच्या पिढीस तें सांपडेल अशी आशा वाटते.